मदत हवी आहे: पुण्याचा जुना रस्ता, रविवारी निघायचंय

कासेगावकर: रविवारी पहाटे वडिलांना घेऊन जुन्या रस्त्यानं पुण्याला जायचंय. मॅप काही केल्या हायवेवरच नेतोय. टोल टाळा म्हटलं तर सर्व्हिस रोड दाखवतो. गावांची नावं क्रमानं सांगेल का कोणी? आज गुरुवार, जरा लवकर सांगा.

वेण्णाकाठ: निघणार कुठून? गाडी कुठली?

चौथा_गियर: सोपं आहे. साताऱ्यात बायपासला न लागता शेंद्र्यातून गोडोली, पोवई नाका, वाढे फाटा. पुढं सुरूर, खंबाटकी, खंडाळा, शिरवळ, सारोळ्याला नीरा ओलांडायची. शिंदेवाडीपाशी नवा बोगदा सोडून जुना कात्रज घाट चढायचा, माथ्यावरचा छोटा बोगदा अजून वापरात आहे. खंबाटकीत मात्र साताऱ्याकडून जाताना बोगद्यातनंच जावं लागतं, घाटरस्ता पुण्याहून येणाऱ्यांना. बोगद्यातून बाहेर पडलं की एस वळण आहे, तिथं वेग कमी ठेवा. माझ्या डोळ्यांदेखत तिथं टेम्पो उलटलाय.

नीरामाई: दादा, हा झाला चौपदरी व्हायच्या आधीचा रस्ता. त्याहून जुना पुणे रस्ता सालप्याचा. दिवेघाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, सालपे घाट, वाठार स्टेशन, देऊर, वडूथ, सातारा. खंबाटकीचा रस्ता त्यानंतरचा.

चौथा_गियर: जुना असेल, पण हायवे तो नव्हे. पुणे-बंगळूर म्हणजे खंबाटकीच. तोच एनएच 4, 2010 पासून 48. धागा हायवेचा आहे.

नीरामाई: धाग्यात "जुना रस्ता" लिहिलंय, परत वाचा.

पंधरा_टायर: फास्टॅगमध्ये बॅलन्स ठेवा. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, तिन्ही नाक्यांवर रविवारी रांग असते.

कासेगावकर: टोलचं विचारलंच नाही हो. कासेगावातनं निघणार, साधी कार आहे. वडील 76 वर्षांचे. 66 साली ते ट्रकवर क्लीनर होते, कराडातनं गूळ भरून पुण्याला जायचे. गेल्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून एकच म्हणतात, त्या रस्त्यानं एकदा ने.

वेण्णाकाठ: मग आपण भांडून काय उपयोग? त्यांनाच विचारा ना, वाटेत काय काय लागायचं.

पेठनाका: पेठ-सांगली रस्त्याचं कोणी बोलत नाही! इस्लामपूर, आष्टा करत मणके ढिले होतात. 1929 चा आयर्विन पूल अजून उभा आहे आणि आत्ताचं डांबर एक पावसाळा टिकत नाही.

वेण्णाकाठ: पेठनाका, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिथं.

कासेगावकर: विचारलं. म्हणाले, घाट उतरला की आगगाडी दिसायची. छोट्या रुळांची. ड्रायव्हर तिथं कांद्याची पोती चढवून घ्यायचा आणि हे पोत्यांवर झोपायचे.

नीरामाई: लोणंद! कांद्याचा बाजार लोणंदचा. पुणे-मिरज लाईन तेव्हा मीटरगेज होती. खंबाटकी उतरून कुठली आगगाडी दिसणार? ती लाईन नीरा, लोणंद, वाठार अशीच येते. महाबळेश्वरला जाणारेसुद्धा पूर्वी वाठारला उतरून वाईमार्गे वर जायचे.

चौथा_गियर: कांदा आणि आगगाडी म्हटल्यावर लोणंदच. गूळ घेऊन निघालेला ट्रक वाकडी वाट करून जाईल हे ध्यानात आलं नाही. कासेगावकर, कराडात मलकापूरवरून सरळ वर जाऊ नका, कोल्हापूर नाक्यावरून गावात शिरा. जुन्या कोयना पुलाशी थांबवा त्यांना. पुढं उंब्रज, अतीत, नागठाणे, शेंद्रे.

नीरामाई: आणि वाढे फाट्यावर हायवे सोडून लोणंदचा रस्ता धरा. मॅपला पुणे सांगूच नका. आधी वडूथ टाका, मग वाठार स्टेशन, मग लोणंद. वडूथला कृष्णा ओलांडताना काच खाली करा. सालपे घाट उतरताना त्यांना पुढच्या सीटवर बसवा.

वेण्णाकाठ: ऑपरेशन महिन्यापूर्वीचं आहे, दर तासाला पाय मोकळे करू द्या. दिवेघाट दुपारी बाराच्या आत उतरा.

कासेगावकर: वडिलांना वाचून दाखवलं. लोणंदचं नाव आलं तसे उठून बसले आणि आईला म्हणाले, दोन पिशव्या दे, कांदे आणायचेत. पहाटे पाचला निघतोय. स्टेशनच्या कुठल्या अंगाला गाडी लावू?

नीरामाई: बाजाराच्या अंगाला. पण बाजार गुरुवारी असतो, रविवारी पोती दिसणार नाहीत. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.