सायलेन्सर, सप्रेसर की आणखी काही? (आणि पुंगळीचं काय करायचं)

परवा मित्राच्या सेमी-ऑटो रायफलवर नवा सप्रेसर (बाराचा आवाज कमी करायला नळीच्या तोंडावर लावतात ते नळकांडं) चढवून रेंजवर टेस्ट केली, आणि घरी येऊन त्यावर मराठीत चार ओळी लिहायला बसलो तर पहिल्याच वाक्यात गाडी अडली. त्या नळकांड्याला म्हणायचं काय? सायलेन्सर म्हटलं की मोटरसायकल दिसते, नाहीतर पिक्चरमधला फुस्स करून माणूस आडवा करणारा पिस्तूलवाला. 'ध्वनिशामक' जुळवून बघितला, पण तो अग्निशामकाचा चुलतभाऊ वाटतो. सुचवा काहीतरी.

---

मोटरसायकल दिसली तर बिघडलं काय, दोन्ही एकाच घरातले आहेत. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन माणसाने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि 'मॅक्सिम सायलेन्सर' याच नावाने तो विकला, पुढे इंजिनाचा आवाज कमी करायलाही तीच कल्पना वापरली. त्याचे वडील म्हणजे मॅक्सिम मशीनगनवाले. बापाने धडधडाट केला, पोराने तो निस्तरला :) सायलेन्सरच लिहा.

---

नाव जुनं आहे, कबूल, पण खोटं आहे ना राव. उघड्या नळीचा बार १६० डेसिबलच्या वर जातो, चांगला सप्रेसर त्यातले २५-३० कमी करतो, म्हणजे गप्प कुठे झालं काही, कान कायमचे जायचे ते जरा वाचतात इतकंच. वर गोळीचा स्वतःचा कडाका वेगळाच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि आमची .३०८ कॅलिबरची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास निघते, तो कडाका नळीबाहेर हवेत होतो, त्याला नळकांडं काय करणार. आम्ही कानावर मफ ठेवूनच होतो.

---

मग 'दबका' आहे की आपल्याकडे! दबका आवाज, दबकी पावलं. आवाज असतोच, फक्त अंग चोरून येतो. 'दबका बार' लिहा, वाचणाऱ्याला बरोब्बर कळेल. वस्तूचं नाव काय ते बघू नंतर.

---

पण आत दाबाबिबायचं काम चालत नाही हो. आत एकामागे एक पडदे असतात, गोळी मधल्या भोकातून सरळ निघून जाते आणि मागचा तापलेला गॅस प्रत्येक पडद्याशी अडत, पसरत, निवत सावकाश बाहेर पडतो. याला मराठीत जिरणं म्हणतात. पाणी जिरतं, माज जिरतो, तसा बार जिरतो. आवाजजिरव्या म्हणा :D

---

आवाजजिरव्या!! हसून मेलो, पण क्रियापद घेतलं, 'गॅस जिरतो' हे सप्रेसरमध्ये काय होतं ते एका शब्दात सांगतं. वस्तूला मात्र सप्रेसरच ठेवतो, रेंजवर सगळे तेच म्हणतात.

आता पुढचा घोळ. सगळा गॅस पुढे जात नाही, थोडा उलटा येतो, आणि सेमी-ऑटोत त्याच गॅसवर बोल्ट (पुंगळी बाहेर फेकून नवी गोळी भरणारा भाग) मागे जातो त्यामुळे तो जास्तच जोरात आपटायला लागला, रिकाम्या पुंगळ्या आधी उजवीकडे पडायच्या त्या चक्क पुढे उडायला लागल्या आणि धूर थेट डोळ्यांत. गॅस ब्लॉक (बोल्टकडे जाणारा गॅस कमी-जास्त करायची चावी) दोन क्लिक बंद केल्यावर ठिकाणावर आलं. या उलट्या गॅसला 'बॅक प्रेशर' सोडून काय म्हणू?

---

ढेकर. रायफलला ढेकर येतो. (बरं, 'उलटा दाब' लिहा.)

---

एक मिनिट, पुंगळी म्हणजे पोरं सायलेन्सरमधून काढतात ती ना, फटफट आवाज यावा म्हणून?

---

तीही पुंगळी, काडतुसाचीही पुंगळीच. पेपरात नेहमी असतं, घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. पोकळ आणि छोटी नळी असली की मराठी माणूस पुंगळी म्हणून मोकळा होतो. गंमत बघा, एकीकडे पुंगळी काढली की आवाज वाढतो आणि इथे नळकांडं लावलं की कमी होतो, तुमच्या लेखात दोन्ही एकाच वाक्यात येऊ देऊ नका फक्त.

---

नाही येऊ देत. 'पॉइंट ऑफ इम्पॅक्ट शिफ्ट'ला, म्हणजे गोळी लागायची जागा बदलते त्याला, मी 'मार सरकला' लिहिलंय. नळीच्या तोंडावर अर्धा किलो टांगल्यावर १०० मीटरवर मार दोन बोटं खाली सरकला, पण पाचही गोळ्या एकत्रच, काढून परत लावला तरी तिथेच. असा एकसारखा सरकला तर काही वाटत नाही, स्कोपची (रायफलवरच्या दुर्बिणीची) खुंटी फिरवायची की झालं.

शेवटचा शब्द. दहा-बारा बार झाले की सप्रेसर तापतो आणि स्कोपमधून टार्गेट पाण्यात असल्यासारखं हलतं. इंग्रजीत मिराज. मृगजळ चालेल?

---

नको. मृगजळात नसलेलं पाणी दिसतं, तुमचं टार्गेट तर जागेवर आहे, नुसतं लवलवतंय. झळा लिहा.

---

झळा! तोंडावर होता शब्द. 'दहाव्या बारानंतर स्कोपसमोर झळा उठायला लागल्या, मग वर कापडी कव्हर चढवलं.' पाठवतो आता.