कोरडी माशी, सुकी माशी की तरती माशी?

प्रश्न (देवबाग, कर्ली खाडीकाठ)

ट्राउट माशाबद्दलचा एक लेख मराठीत करते आहे आणि शीर्षकातच अडले आहे : 'ड्राय फ्लाय फिशिंग'. थंड, नितळ पाण्याची अवघड नदी, त्या नदीतच जन्मलेले बुजरे ट्राउट, आणि त्यांच्यासाठी पिसांची बांधलेली माशी, जी बुडत नाही, पाण्याच्या पाठीवरून वाहत जाते. शब्दाला शब्द ठेवला तर 'कोरडी माशी मासेमारी' असे काहीतरी होते. ते वाचून कुणाच्याही डोळ्यांपुढे नदी येणार नाही.

माझी पहिली अडचण 'मासेमारी'ची आहे. या शब्दात मारणे आहे. रापण ओढणाऱ्याला, ट्रॉलरवाल्याला तो शोभतो, कारण तिथे मासळी बाजारासाठीच काढायची असते. पण ट्राउटवाले पुष्कळदा मासा हातात घेतात, गळ सोडवतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. त्याला मासेमारी कसे म्हणू?

आमच्याकडे यासाठी रोजचा शब्द आहे, गरवणे. गरी म्हणजे गळ, आणि गरीने मासे धरणे म्हणजे गरवणे. 'खंय चललंस?' 'गरवूक.' यात जाळे नाही, होडी असलीच पाहिजे असे नाही, मारणेही नाही. पण हा शब्द पुण्या-नागपूरच्या वाचकाला कळेल का?

उत्तर (रत्नागिरी)

ताई, 'गळ टाकणे' सगळ्या महाराष्ट्राला कळते. 'गळाला लागणे' तर राजकारणाच्या बातम्यांतही रोज वाचतो. गरवणे गोड आहे, पण घाटावरच्या माणसाला गरवे भात आठवेल, हळवे-गरवेतले.

उत्तर (अलिबाग)

गरवे भात वेगळ्या घरचे, त्याचा गरीशी संबंध नाही. संदर्भ माशांचा असेल तर घोटाळा होत नाही. आमच्या रायगडात पहिल्या पावसात शेतात चढणाऱ्या माशांना वलगण म्हणतात, तुमच्या सिंधुदुर्गात तेच चढणीचे मासे. दोन्ही शब्द छापून येतात आणि वाचक समजून घेतात. गरवणे वापराच.

माशीबद्दल मात्र माझे मत 'तरती माशी'. काम तरंगण्याचे आहे, मग नावात तेच असावे. आणि काहीही करा, 'सुकी माशी' लिहू नका. आमच्याकडे कुणीही ते 'सुकी मासळी' असेच वाचेल आणि सोडे-बोंबलांचा भाव विचारेल.

प्रश्नकर्ती

दादा, 'सुकी'चा मुद्दा अगदी पटला. आमच्याकडे आणखी एक भर : ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो. 'सुकतीक गरवूक जातंय' असे म्हणणाऱ्या गावात 'सुकी माशी' हा शब्द उभाच राहणार नाही.

पण 'तरती'वर माझे मन बसत नाही. का ते जरा सविस्तर सांगते, कारण ती माशी कशी बांधतात ते कळल्यावर माझे मत बदलले.

एक बारीक गळ घ्यायचा, तांदळाच्या दाण्याएवढा. या गळांच्या मापात आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे बारा नंबरापेक्षा सोळा नंबर बारीक. त्याच्या दांड्यावर दोरा गुंडाळायचा, मागे दोन-चार ताठ तंतूंची शेपटी बांधायची आणि मग कोंबड्याच्या मानेचे एक पीस दांड्याभोवती फिरवत न्यायचे. पीस गोल फिरले की त्याचे तंतू चहूकडे उभे राहतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. पाण्यावर ही माशी त्या तंतूंच्या टोकांवर उभी असते. पाण्याचा वरचा पापुद्रा ती टोके फोडत नाहीत. त्यासाठी पीस कोंबड्याचेच लागते, कारण ते ताठ असते आणि पाणी धरत नाही. कोंबडीचे पीस मऊ असते, लगेच भिजते. म्हणून बुडणाऱ्या माशीला, त्यांच्या 'वेट फ्लाय'ला, कोंबडीचे पीस वापरतात.

आणि ही माशी तरी पुन्हा पुन्हा भिजतेच. मग गरवणारा ती लगेच पाण्यावर न उतरवता दोरी हवेतच मागे-पुढे दोन-तीनदा झुलवतो, पाणी झटकतो, आणि मग उतरवतो. म्हणजे कोरडेपणा तिला जन्मतः मिळालेला नाही, तो सतत राखावा लागतो.

इथे मराठीतला फरक उपयोगी पडतो. ज्यातला ओलावा निघून गेला ते सुके किंवा वाळके : सुका बांगडा, वाळकी लाकडे. ज्याला पाणी लागलेलेच नाही, किंवा लागू दिले नाही, ते कोरडे. पावसातून आल्यावर आई विचारते, 'पुस्तके कोरडी आहेत ना?' सुकी आहेत ना, असे ती विचारत नाही. ही माशी त्या पुस्तकांसारखी आहे. म्हणून मला 'कोरडी माशी'च बरोबर वाटते. थर्मोकोलही तरंगतो, त्यात कौशल्य नाही. कोरडे राखण्यात आहे.

उत्तर (रत्नागिरी)

हे वाचून 'कोरडी'ला माझे मत. पुढचा प्रश्न, 'माशी' तरी बरोबर आहे का? ही पिसांची माशी ज्या किड्याची नक्कल करते तो मे-फ्लाय, ती काही घरातली माशी नव्हे.

प्रश्नकर्ती

नव्हेच. तिचे बहुतेक आयुष्य नदीच्या तळाशी दगडांखाली अळीरूपात जाते. मग एके दिवशी वर येते, पंख फुटतात, आणि पंख फुटल्यावर ती खातही नाही, तोंड त्या कामाचे उरलेले नसते. काही तास, फार तर एक-दोन दिवस. तेवढ्यात जोडीदार, अंडी आणि शेवट. ट्राउट ह्याच वेळेची वाट बघत प्रवाहात तोंड करून उभा असतो. पण इंग्रजीतही तिला फ्लायच म्हणतात, आणि मराठीतही मधमाशी, गोमाशी आहेतच. लहान पंखवाल्या जिवाला माशी म्हणायला आपली हरकत नसते.

शिवाय माशी आणि मासा हे दोन शब्द मराठीत शेजारी येऊन बसले आहेत, ही मला फार आवडलेली गोष्ट. मूळ वेगवेगळे : मत्स्यपासून मासा, मक्षिकेपासून माशी. संस्कृतातला 'त्स्य' आणि 'क्ष' दोन्ही प्राकृतात 'च्छ' झाले, मच्छ आणि मच्छिआ. मराठीने त्या 'च्छ'चा पुढे अ-आ असेल तिथे स केला आणि इ-ई असेल तिथे श. हिंदीत मात्र मक्खी झाली, तिथे 'क्ष'चा 'क्ख' झाला. म्हणून 'माशीने मासा गरवणे' हे वाक्य मराठीतच असे वाजते.

उत्तर (वेंगुर्ले)

मी लहानपणापासून खाडीत गरवतो. आमची पद्धत सांगतो, म्हणजे ताईंना पुढचे शब्द सापडतील. तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याला गरी, वर थोडे शिसे. शिसे जड असते, ते तंगूस ओढत लांब नेते. मग तंगूस तर्जनीवरून घ्यायचे आणि बसायचे. शेंगाळा आला की बोटाला जोराचा हिसका बसतो. काळुंदर मात्र टोचल्यासारखे करते, टिकटिक, टिकटिक, आणि त्या टिकटिकीतली नेमकी कोणती खरी ते बोटालाच कळते. काठावरून जाणारा विचारतो, 'गावला काय?' आम्ही मासा पकडला म्हणत नाही, गावला म्हणतो.

तुमच्या माशीला शिसे नाही, मग ती लांब जाते कशी?

प्रश्नकर्ती

काका, हाच मोठा फरक. तिथे वजन दोरीतच असते. दोरी जाड आणि जड, तिच्या टोकाला निमुळते होत जाणारे तंगूस आणि शेवटी माशी. फेकायची ती दोरी. माशी नुसती मागून जाते आणि सगळ्यांत शेवटी उतरते. म्हणून 'गळ टाकणे' इथे बसत नाही. माशी टाकत नाहीत, उतरवतात. ती धपकन पडली की मासा पळाला.

आणि तुमचे बोट जे ऐकते ते इथे डोळ्यांनी बघायचे. हा सगळा खेळ पाण्याच्या वर, दिसत असतो. इंग्लंडात हँपशरच्या टेस्ट नदीवर, जिथे चुनखडीतून पाझरलेले पाणी तळापर्यंत दिसते, तिथे ही पद्धत एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 मध्ये तरंगत्या माश्या बांधण्यावर पुस्तकच लिहिले. आपल्या देशात काश्मीरच्या नद्यांत ट्राउट बाहेरून आणून सोडले, निलगिरीतही. कर्लीत ते जगणार नाहीत, त्यांना थंड पाणी लागते.

आता उरलेला शब्द 'ड्रॅग'. नदीत मधला प्रवाह जोरात आणि कडेचा संथ. दोरी जोरातल्या पाण्यात, माशी संथ पाण्यात. दोरी पुढे जाते आणि माशीला फरफटत नेते, तिच्यामागे पाण्यावर रेघ उठते. खरी माशी अशी कधी जात नाही, म्हणून मासा नाकारतो. मी 'ओढ' लिहिले आहे : 'माशीला ओढ लागली.' खाडीत आपण सुकतीची ओढ म्हणतोच.

उत्तर (वेंगुर्ले)

ओढ बरोबर. दोरी पाण्यात पडल्यावर तिला उचलून वरच्या अंगाला टाकत असतील ना? आम्हीही सुकतीला तंगूस तसेच वरच्या अंगाला घेतो, नाहीतर गरी जाग्यावर राहत नाही. आणि मासा वर येऊन तोंड मारतो त्याला 'मासा उठला' म्हणा.

प्रश्नकर्ती

होय काका, अगदी तसेच करतात. पहिला परिच्छेद आता असा झाला आहे :

'कोरड्या माशीने ट्राउट गरवायचा तर आधी काठावर बसून नुसते बघावे. पलीकडच्या खडकामागे मासा उठला. थोड्या वेळाने त्याच जागी पुन्हा उठला. माशी त्याच्या हातभर वर उतरवली. दोन वीत ती मोकळी आली, मग तिला ओढ लागली, आणि मासा उठला नाही.'