तालीम भाड्याच्या हॉलमध्ये होती म्हणून कॉलेज हात झटकतंय, तक्रार कुठे करायची?

भांडुपची_आई
मुलगी एस.वाय.ला आहे, दादरच्या बाजूच्या एका कॉलेजात. कॉलेजच्या एकांकिकेत प्रकाशयोजना बघते. तालमी जवळच्या भाड्याच्या हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत चालतात. बसवायला येणारा दिग्दर्शक माजी विद्यार्थी. डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) दाखवायच्या निमित्ताने त्याने तिचा हात धरून ठेवला, कमरेला हात लावला. ती तिथून निघून आली, तर रात्री दोन-दोन वाजता मेसेज. मी आणि हे कॉलेजात जाऊन भेटलो. उत्तर मिळालं, हॉल आमचा नाही, तो आता आमचा विद्यार्थी नाही, तिला थोडे दिवस तालमीला पाठवू नका. कॉलेजची खरंच काही जबाबदारी नाही का?

कुर्ला_पश्चिम
ताई, सरळ पोलिसांत जा. कॉलेजवाले दाबतात.

निवृत्त_प्राध्यापिका
ताई, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी आमच्या कॉलेजची जी अंतर्गत तक्रार समिती, तिची मी अध्यक्ष होते, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्हाला जे सांगितलं ते नियमाला धरून नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५च्या विनियमांत कॅम्पस कंपाउंडच्या भिंतीपाशी संपत नाही. सहल, इंटर्नशिप, क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव, विद्यार्थी म्हणून जिथे जावं लागतं त्या जागाही त्यात येतात. कॉलेजच्या नावाने उतरणाऱ्या एकांकिकेची तालीम त्यात बसते, मला शंका नाही. बाहेरच्या माणसाने दिलेल्या त्रासाचाही त्यात विचार केलेला आहे.

पण तोंडी भेटून भागत नाही. किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं, हे कॉलेजने दरवर्षी यूजीसीला कळवायचं असतं. तोंडी तक्रार तिथे शून्य म्हणून जाते. माझा सगळा राग त्या शून्यावर आहे.

अर्ज मुलीच्या सहीने, समितीच्या अध्यक्षांच्या नावे. तारीख, वेळ, कोण हजर होतं, तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत. मेसेजचे स्क्रीनशॉट नंबर दिसेल असे. दोन प्रती घ्या. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही घेतल्याशिवाय हलू नका. 'मॅडम आल्या की देतो' असं क्लार्क म्हणेल. तिथेच बसून राहा. घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज जायला हवा, चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. तोवर त्याला तिच्यापासून लांब ठेवा, ही मागणी त्याच अर्जात करा. तालीम त्याने सोडायची, तिने नाही.

पोलीस तक्रार समांतर चालते, पण मुलीला विचारून. हद्दीचा मुद्दा काढला तर झिरो एफआयआर मागा, भांडुपलाही नोंदवता येते. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, एफआयआरची प्रत फुकट मिळते.

गिरगाव_ते_जर्सी
मी इथे अमेरिकेत एका विद्यापीठात नोकरी करतो. १९८६ साली जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात खून झाला. आईवडिलांनी पिच्छा पुरवला आणि १९९०मध्ये कायदा आला. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॉलेजांना मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात, कॅम्पसला लागून असलेला सार्वजनिक रस्ताही त्यात धरतात. प्रवेश घेण्याआधी कोणीही ते वाचू शकतं. मुंबईतल्या पालकांच्या हातातही असा तक्ता पडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

भांडुपची_आई
ती अर्ज लिहायला बसलीये. समितीत विद्यार्थी असतात म्हणे. तिच्याच टीममधलं कोणी निघालं तर?

निवृत्त_प्राध्यापिका
प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी असतात. टीममधलं कोणी असेल तर हरकत अर्जातच नोंदवा. गुप्तता सगळ्यांवर बंधनकारक आहे. आणि उद्या जाल तेव्हा नोटीस बोर्ड बघा. समितीच्या सदस्यांची नावं लावलेली नसतील तर बोर्डाचा फोटो काढून अर्जाला जोडा.