खिंडसी तलावाजवळ शेतावर आगीवरची मासळी: कोणता मासा? बजेट ३०००

धंतोलीकर: राजेहो, डिसेंबरात एका रविवारी रामटेककडे मित्राच्या शेतावर पंधरा जणांचा बेत आहे. मासळी उघड्या आगीवर भाजायची. मासा, जाळी, सरपण धरून ३००० च्या वर जायचं नाही. पोरं पण आहेत, काट्याचं भेव वाटते.

महालचा_भाऊ: मरळ. मधला कणा काढला की झालं, रोहू-कटल्यासारखे बारीक काटे नसतात. भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात जिवंत भेटते.

सदरवाला: मरळच घ्या. पण मंगळवारी बाजारातून. भोईपुऱ्यात पाय ठेवाले जागा नसते.

महालचा_भाऊ: गर्दी काऊन असते, विचार करा.

धंतोलीकर: पंधरा जणांची मरळ बजेटमध्ये बसते का?

मूळची_मालवणची: गोड्या पाण्यातला मासा भाजून काय खायचा? सुरमई मागवा, बजेट थोडं वाढवा.

भंडाऱ्याचा: ताई, बर्फात प्रवास करून आलेली सुरमई तुम्हाला लखलाभ. आमच्या तलावातला मासा सकाळी जाळ्यात, दुपारी ताटात.

बेसा_ग्रिलवाला: मी झाकणाचा बार्बेक्यू घेतला, आठ हजारात. चाकं आहेत. फोटो टाकू का?

वेल्डिंग_काका: जाळीचं ऐका. बांधकामाच्या दुकानातली जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत जाळी आगीवर ठेवू नका, तापली की जस्ताचा धूर निघते. साधी लोखंडी घ्या, तेल लावून आधी कोरडी तापवा. आणि रंग दिलेलं लाकूड जाळू नका.

काटोल_रोड: गोवऱ्या आणि बाभूळ. ज्वाळा बसू द्या, निखारे पांढरे पडले की मगच मासा ठेवा, नाही तर वरून कोळसा आत कच्चा. माशाला तिरप्या चिरा, हळद-मीठ-लिंबू. सावजी मसाला सुरुवातीलाच थापू नका, खसखस-खोबरं जळून कडू होते. कणकेचे पानगे करतो तसं पळसाच्या पानात बांधून निखाऱ्यात टाकलं तर जाळीही लागत नाही. डिसेंबरात पळसाला पानं असतात, होळीजवळ झाड उघडं होते. डोकं, कल्ले, पोट जाऊन बरंच कमी होते, म्हणून पंधरा जणांना अख्खा मासा सहा किलो तरी धरा. अन् वाळल्या गवतापासून दूर, पाण्याची बादली जवळ.

सदरवाला: मीही तेच म्हणणार होतो, निखाऱ्यावर. मरळ.

बेसा_ग्रिलवाला: झाकण असलं की हे निखाऱ्याचं टेन्शनच नाही. फोटो टाकतो.

मूळची_मालवणची: सावजीत माशाची चव लागते तरी का?

महालचा_भाऊ: ताई, एकदा खा, मग बोला.

धंतोलीकर: सगळ्यांचे आभार. मित्राचे काका गावच्या तलावातला रोहू घरच्या भावात देऊन राहिले. मोठे तुकडे, तीन दगडांची चूल, गंजात (पातेल्यात) सावजी रस्सा, सोबत भात. भाजायचं रद्द, पोरांना अंडी.

काटोल_रोड: मग धागा काऊन काढला बे?

सदरवाला: अजून वेळ आहे भाऊ, मरळ घ्या.