रॉक टोनसाठी पैसे आधी कुठे घालायचे? माझं मत: स्पीकरमध्ये

ग्रीनबॅक_नवीपेठ
सोलापुरात गिटारवाली पोरं भेटली की विषय एकच, पिकअप, म्हणजे तारांखालचा तो चुंबक-कॉइलचा भाग. चुंबक अल्निको का सिरॅमिक, कुठून मागवला, कितीला पडला. गिटार उघडून नवा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) बसवतात आणि जॅक पुन्हा त्याच सहा इंची स्पीकरच्या प्रॅक्टिस अॅम्पमध्ये खुपसतात. मग म्हणतात, फार फरक नाही पडला. पडेल कसा?

गिटारचा स्पीकर हा घरच्या म्युझिक सिस्टिमसारखा सगळं इमानदारीने ऐकवणारा स्पीकर नसतो. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने खाली येतो. डिस्टॉर्शनमुळे जो किरकिरा कचरा वर तयार होतो, तो तिथेच गाळला जातो. खरं वाटत नसेल तर डिस्टॉर्शन पेडल सरळ मिक्सरला लावा. डब्यात अडकलेली माशी ऐकू येईल. तेच पेडल, तीच गिटार, तोच पिकअप. मधे सेलेशन कंपनीचा बारा इंची गिटार स्पीकर आला की रॉक.

आणि स्पीकर-स्पीकरमधला फरकही लहान नाही. सेलेशनचेच बघा: ग्रीनबॅक २५ वॉटचा, खालचा आवाज सैल, मधला खरखरीत. व्हिंटेज ३० हा ६० वॉटचा, वरच्या मिडला (मधल्या सुरांच्या वरच्या भागात) चांगलाच पुढे येतो. जी१२टी-७५ चे मधले सूर खोलगट. पिकअप बदलून एवढा पालट झालेला मी तरी ऐकला नाही. सुताराकडून १८ मिमी प्लायचा १×१२ खोका (एका बारा इंची स्पीकरचा) करून घ्या, एक बरा स्पीकर टाका, मग पिकअपचं बोला.

स्ट्रॅट_सातरस्ता
अजिबात पटलं नाही. तारेची थरथर पहिल्यांदा वीज होते ती पिकअपमध्ये. तिथे जे आलंच नाही ते पुढचा कुठलाही खोका कुठून आणणार?

आपल्या गावाचं बघा की ओ. जुन्या वाड्यातलं वायरिंग, अर्थिंगचा पत्ता नाही, शेजारी ट्यूबलाइट, पूर्व भागात राहणाऱ्यांच्या लाइनवर यंत्रमाग. सिंगल कॉइलवर (एकाच कॉइलच्या पिकअपवर) गेन चढवला की गाण्याआधी हमच, म्हणजे विजेची घुमघुमच ऐकू येते. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली हमबकर काढला तो याच दुखण्यावर. दोन कॉइल, उलट्या जोडलेल्या, चुंबकाची दिशाही उलटी. बाहेरचा हम एकमेकांत कटतो, तारेचा सिग्नल मात्र जोडला जातो. १९५७ पासून तो गिब्सनच्या गिटारीत बसायला लागला, आणि पुढच्या जड रॉकचा पाया तोच. तुमचा व्हिंटेज ३० हम काढून देतो का? उलट दोन डीबी वाढवून ऐकवतो.

ग्रीनबॅक_नवीपेठ
हम काढणं आणि टोन घडवणं ही दोन कामं आहेत. पहिल्यात तुमचं बरोबर. पण अर्थिंगच नसेल, किंवा दोन सॉकेटवरून ग्राउंड लूप झाला असेल, तर हमबकर लावूनही तो गोंगाट जात नाही. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग पिकअपवाला.

शिवाय पोरं ‘१५ के’चा (पंधरा हजार ओमचा) आकडा बघून पिकअप घेतात. तो कॉइलच्या तारेचा रोध आहे, आउटपुट नाही. बारीक तार गुंडाळली तरी आकडा फुगतो. जास्त गुंडाळलेल्या पिकअपचा वरचा आवाज दबतो, आणि त्यात लांबलचक स्वस्त केबल लावली की आणखी दबतो. पिकअपची उंची कमी-जास्त करून बघणं तर फुकट आहे, एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. तेवढं केलंय किती जणांनी?

व्हॉल्व्ह_होटगीरोड
तुम्ही दोघं भांडताय आणि मधला अॅम्प विसरलाय. मार्शलचा पहिला अॅम्प जेटीएम४५ म्हणजे जवळपास फेंडरच्या १९५९ च्या बासमन अॅम्पचंच सर्किट. पुढे त्यांनी केटी६६ आणि मग ईएल३४ व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) घातले आणि ब्रिटिश रॉकचा आवाज तिथून बनत गेला. पॉवर व्हॉल्व्ह दाबून, म्हणजे जोरात वाजवल्यावर जो दम येतो तो स्पीकरमधून येत नाही.

ग्रीनबॅक_नवीपेठ
माझाच मुद्दा मांडलात! सर्किट जवळपास तेच, मग आवाज इतका वेगळा का? फेंडरकडे मागून उघड्या खोक्यात दहा इंची चार जेन्सन. मार्शलकडे बंद खोक्यात बारा इंची चार सेलेशन. व्हॉल्व्हचा हात आहे, नाही म्हणत नाही, पण मोठा वाटा खोक्याचा.

आणि दाबून वाजवायचं कुठे? १०० वॉटचा अॅम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजत नाही, फरक फक्त ३ डीबीचा. म्हणजे ५० वॉट घेतला तरी सोसायटी दारात येणारच. उलट ९७ डीबीच्या जी१२टी-७५ जागी १०० डीबीचा व्हिंटेज ३० लावा. १५ वॉटचा अॅम्प ३० वॉटसारखा वाजेल.

हेडफोन_जुळेसोलापूर
काय बे, २०२० नंतरही खोकेच उचलताय? वन बीएचकेमध्ये ४×१२ ठेवला तर मी झोपू कुठे? मॉडेलर (अॅम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घ्या, कॅबिनेटचे, म्हणजे स्पीकरच्या खोक्यांचे आयआर टाका. एखादा कॅबिनेट माइकसकट कसा वाजतो त्याची ती छोटी रेकॉर्डिंग. पाठीला त्रास नाही, रात्री दोनलाही रॉक. मूळ धाग्याशी मी अर्धा सहमत आहे: आयआर बदलला की टोन जेवढा पालटतो तेवढा पिकअप बदलून नाही. पण त्यावरून खोकाच विकत घ्या हे कुठून आलं?

व्हॉल्व्ह_होटगीरोड
हेडफोनवर गिटार फीडबॅक देत नाही. स्पीकरसमोर उभं राहून सूर धरून ठेवायची मजा आयआरमध्ये कुठे भरणार?

मिक्सरवाला
मी गॅदरिंग आणि मंडळांचा साऊंड बघतो, हुतात्मा स्मृती मंदिरातही बरेचदा असतो. स्टेजवर ४×१२ असला तरी मी माइक लावतो एकाच स्पीकरला. लोक ऐकतात ते त्या एसएम५७ माइकला जे मिळतं तेच. स्पीकरच्या कोनच्या (पुढच्या पडद्याच्या) मधोमध धरला तर आवाज कानात टोचतो, दोन बोटं कडेला सरकवला तर मऊ. एवढा फरक तुम्ही हजारो रुपये घालून शोधताय!

आणि कॅबिनेटवाल्यांवर माझा राग आहे. बंद खोक्यातून वरचे सूर सरळ पुढे, अरुंद पट्ट्यात जातात. गिटारवाल्याचे कान खोक्याच्या वर, त्याला ट्रेबल कमीच ऐकू येतो. तो नॉब फिरवतो आणि पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांचे कान जातात. कॅबिनेट मागे कलता ठेवा, नाहीतर टेबलावर चढवा. मोठ्या कॅबिनेटला वरचे दोन स्पीकर तिरपे देतात, त्याचा फायदा इथेच.

अजून एक, डीजेवाल्याचा जुना बारा इंची काढून गिटारच्या खोक्यात घालू नका. त्याचा कोन जड असतो, त्यात तो खरखरीत तुटलेपणा येत नाही.

स्ट्रॅट_सातरस्ता
मिक्सरवाल्या दादांचं मान्य. ग्रीनबॅकरावांचं अजूनही नाही. सिंगल कॉइल आणि हमबकर एकाच कॅबिनेटमधून वाजवा, डोळे मिटूनही ओळखू येतात. ती छटा नाही, जातच वेगळी.

ग्रीनबॅक_नवीपेठ
सिंगल ते हमबकर, मान्य. पण लोक हमबकर काढून दुसरा हमबकर घालतात, मी त्यावर बोलतोय.

नवशिका_विजापूररोड
दादा लोक, प्रश्न आहे. जुने १६ ओमचे दोन सेलेशन मिळताहेत. माझ्या व्हॉल्व्ह हेडला (स्पीकरशिवायच्या अॅम्पला) ८ आणि १६ असे दोन आउटपुट आहेत. कसं जोडू?

व्हॉल्व्ह_होटगीरोड
पॅरलल जोड, ८ ओम होतात, आणि ८ च्या सॉकेटला लाव. सीरीजमध्ये ३२ होतील, ते नको. जोडायला जाड स्पीकर वायर घे, गिटारची केबल नाही, ती तापते. आणि स्पीकर न लावता हेड चालू करू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. मागचं झाकणही उघडू नको, बंद केल्यावरही आत चारशे व्होल्ट साठून राहू शकतात.

मिक्सरवाला
घेण्याआधी दोन्ही कोन हाताने हलकेच दाबून बघ. कॉइल घासल्यासारखी लागली तर किंमत पाड, रिकोनचा (नवा कोन-कॉइल बसवायचा) खर्च येणार.