मदत हवी आहे : आण्णांच्या रिपोर्टमधलं 'फीटल पीसीए' म्हणजे काय?

विटेकर_७७ : आण्णांना पॅरालिसिसचा झटका आलाय, मिरजेत ॲडमिट आहेत. गुठळी कॅरोटिडमध्ये (मानेतून मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त नेणारी नस) सापडली, पण एमआरआयत मेंदूच्या मागच्या भागालाही मार दिसतोय. गुठळी पुढच्या नसेत, मग मागचं कसं गेलं? डॉक्टर राउंडला 'फीटल पीसीए आहे' एवढंच बोलले. जन्मजात दोष आहे का? आम्हा भावंडांनाही असेल का? लवकर सांगा.

कृष्णाकाठ : वय? कोणती बाजू? झटका कधी आला?

तासगावचा_दादा : आमच्या काकांना कबुतराचं रक्त चोळलं, महिन्यात चालायला लागले.

रेडिओलॉजी_ताई : दादा, चोळून मेंदूतली गुठळी हलत नाही. कृपा करून हे सुचवू नका, लोक यातच वेळ घालवतात.
विटेकर, मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं कडं असतं, विलिसचं वर्तुळ. पुस्तकातल्यासारखं पूर्ण कडं निम्म्या लोकांतही नसतं. मागच्या भागाची नस म्हणजे पीसीए. गर्भात तिला कॅरोटिडमधून रक्त मिळतं, पुढे बहुतेकांत ते काम मानेतल्या व्हर्टिब्रल नसा घेतात. काहींत गर्भातली जुनीच सोय राहते, तिलाच फीटल पीसीए म्हणतात. म्हणून कॅरोटिडमधली गुठळी मागेही पोचते. शिवाय एरवी कॅरोटिड तुंबली तर पीसीए थोडं रक्त पुढे पुरवते. इथे तीही त्याच कॅरोटिडवर अवलंबून. हा रोग नाही, भावंडांनी यासाठी स्कॅन करू नये. बीपी-शुगर मात्र तपासा.

पलूसकर : साडेचार तास उलटले की काही करता येत नाही.

रेडिओलॉजी_ताई : ती मुदत गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची. मोठ्या नसेतली गुठळी तारेने काढणं निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत होतं, 2018 च्या डॉन आणि डिफ्यूज-3 अभ्यासांनंतर.

पलूसकर : आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही.

कवठे_एक्स्प्रेस : महात्मा फुले योजनेत बसतं का बघा, रेशन कार्ड जवळ ठेवा.

विटेकर_७७ : पैशाचं विचारलं नाही हो. वय 71, बीपी आहे. परवा रात्री ठीक झोपले, पहाटे उठले तर बोलता येईना, उजवा हात-पाय गेला. गुठळी काढलीय. हे का झालं तेवढंच विचारत होतो.

रेडिओलॉजी_ताई : मग उद्या दोनच विचारा : कॅरोटिड किती अरुंद आहे, आणि ईसीजीत ठोके अनियमित आहेत का. पुढची औषधं त्यावर ठरतात. आणि जेवताना ताटातलं उजवीकडचं तसंच राहतंय का बघा. राहत असेल तर त्यांना त्या बाजूचं दिसत नाहीये, डॉक्टरांना आजच सांगा.