मदत हवी आहे: पदवीसाठी सादर करायच्या कवितासंग्रहाविषयी

नमस्कार. माझी मुलगी अमेरिकेत सर्जनशील लेखनाच्या एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असून तिला प्रबंध म्हणून स्वतःच्या कवितांचा संग्रह सादर करायचा आहे. आयोवा विद्यापीठात अमेरिकन कवी पॉल एंगल यांनी असाच सादर केलेला संग्रह १९३२ मध्ये येल युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केला, हे वाचून मला फार धीर आला. 'उंबरठा' हा शब्द तिने इंग्रजी कवितेत तसाच ठेवला आहे आणि मार्गदर्शक त्यावर तळटीप मागत आहेत. माझ्या मते तळटिपेने ती ओळ मोडेल. शिवाय, संग्रह ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला झाल्यास प्रकाशक पुढे तो नाकारतात का, आणि तो किती वर्षे बंद ठेवण्याची विनंती करावी? ज्यांनी स्वतः हे केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर कळवावे.